सोडवून घेण्याचा हक्क

गाठ सोडवतात, गणित सोडवतात, दोघे हातघाईवर आले की भांडण सोडवतात. पोलिसांनी धरून नेलेल्याला जामिनावर सोडवतात आणि सराफाकडे ठेवलेल्या पाटल्या लग्नसराईच्या आत सोडवतात. मराठी माणूस ही सगळी कामे एकाच क्रियापदावर भागवतो आणि ऐकणाऱ्याला कुठे अडखळायला होत नाही. या पुस्तकाचा विषय त्यातला शेवटचा अर्थ आहे : गहाण पडलेले सोडवून आणणे. मग तो दागिना असेल, जमीन असेल, किंवा आपल्याच राज्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आले तसा माणूस असेल.

सुटणे, सोडणे आणि सोडवणे या तिघांत करणारा बदलत जातो. गाठ आपली आपण सुटते. सावकार सोडतो, म्हणजे त्याच्या मनात येते तेव्हा तो मूठ उघडतो. सोडवतो तो मात्र ज्याचे अडकले आहे तो, किंवा त्याच्यासाठी धावून आलेला कुणी जिव्हाळ्याचा. सोडण्यात मर्जी आहे आणि सोडवण्यात दावा आहे. पुढची सगळी प्रकरणे या दाव्याची आहेत : तो कुणी मान्य केला, कुणी बुडवला, कोणत्या कागदाने बुडवला आणि कोणत्या कायद्याने तो परत उभा राहिला.

गहाण ठेवलेल्या पाटल्या परत आणल्यावर ‘पाटल्या विकत घेतल्या’ असे कोणी म्हणत नाही. पैसे मोजलेले असतात, व्याजासकट मोजलेले असतात, कधी कधी त्या पैशांत तेवढ्या पाटल्या पुन्हा घडवता आल्या असत्या. तरीही आपण ‘सोडवल्या’ म्हणतो, कारण तिजोरी दुसऱ्याची असली तरी पाटल्या आपल्याच होत्या. गहाण ठेवताना मालकी जात नाही, वस्तू अडकते. सावकारीचा सारा इतिहास पाहिला तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अडकलेल्या वस्तूचे हळूहळू विकलेल्या वस्तूत रूपांतर करायचे आणि ते वस्तूच्या मालकाला शेवटपर्यंत कळू द्यायचे नाही.

मृग निघायच्या आधी मराठवाड्या-विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी सराफकट्ट्यावर किंवा सोनेतारण कर्जाच्या शाखेत जाऊन बसावे. बियाणे आणि खताचा पैसा तिथून निघतो. डाग आत जातात, पावत्या बाहेर येतात. ज्या बाईने गंठण ठेवले ती काळ्या मण्यांच्या पोतीवर चार-सहा महिने काढते. सोयाबीन निघाले, कापसाची पहिली वेचणी झाली, भाव जरा बरा मिळाला, की डाग सोडवले जातात. पाऊस चुकला तर पावती पालटते, व्याज मुद्दलात जाते आणि डाग आणखी वर्षभर आत राहतो. त्याही पुढच्या वर्षी पाऊस चुकला तर लिलावाची नोटीस येते आणि लोक म्हणतात, डाग बुडाला.

आपल्याकडचे जुने धर्मशास्त्र या व्यवहाराकडे फार बारकाईने पाहत होते. गहाण वस्तूला तिथे ‘आधि’ म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीतल्या व्यवहाराच्या भागाने सरळ दोन भेद केले आहेत. नुसती ठेवलेली वस्तू कर्ज व्याजासह दुप्पट होईपर्यंत सोडवली नाही तर मालकाच्या हातून जाते. जिचे उत्पन्न सावकार खात असतो, म्हणजे शेत, बाग असे काही, ती मात्र कधीच जात नाही. या न्यायाला तर्क आहे. जो पीक खातो आहे त्याला व्याज मिळतेच आहे, मग काळ कितीही लोटला तरी मूळ मालकाचा हक्क का मरावा? दुपटीची मर्यादाही तिथलीच. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी दामदुप्पट म्हणून ती मान्य केली : एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता यायचे नाही. आणि आधि सोडवण्यासाठी याज्ञवल्क्य जो धातू वापरतो तो मोक्षाचा आहे. आज मोक्ष म्हटले की आपण डोळे मिटतो, पण त्या ग्रंथात मोक्ष होतो तो गहाणाचा. उधार हा रोजचा शब्दही संस्कृत उद्धारातून आला. तारण तर आजही दोन्ही घरी राहते, बँकेच्या अर्जात आणि प्रार्थनेत. अध्यात्माने हे शब्द वरून खाली पाठवले असे मानायची आपल्याला सवय आहे. माझी समजूत उलटी आहे. अडकणे आणि सुटणे यांचा पहिला, अंगावर काटा आणणारा अनुभव माणसाला कर्जाने दिला. जन्ममरणातून सुटण्याविषयी बोलायची वेळ आली तेव्हा हाताशी तेच शब्द होते.

म्हणूनच संतांच्या कथांत कागदपत्रे इतकी येतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उघडली आणि बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले. कथा सांगते की पंढरीचा विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन बिदरला गेला, धान्याची रक्कम मोजली आणि पावती घेऊन आला. या कथेतला सगळ्यांत मोलाचा तपशील मला पावतीचा वाटतो. देव आहे, चमत्कार करून बादशहाचे मन फिरवता आले असते. पण ज्यांनी ही कथा रचली आणि पिढ्यान्‌पिढ्या ऐकली, त्यांना दरबार ठाऊक होता. पैसे भरले आणि पावती घेतली नाही तर सुटका झालेली नसते, हे त्यांनी सोसून शिकलेले होते.

दुसरी कथा तुकारामांची. देहूच्या महाजनांच्या या घरात सावकारी वडिलोपार्जित होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने घर मोडले. परंपरा सांगते की त्यानंतर तुकारामांनी घरातली कर्जखते बाहेर काढली, अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला, दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. वारकरी परंपरा या प्रसंगाकडे वैराग्य म्हणून पाहते आणि ते खरेच आहे. पण त्यामुळे देहूच्या पंचक्रोशीत काही कुळे, म्हणजे कर्जदार, आपोआप सुटली, त्यांच्या बाजूने ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. सावकाराने स्वतः सोडल्याचे इतके मोठे दुसरे उदाहरण आपल्याकडे नाही. ते एकटे आहे हेही विसरता येत नाही. सगळ्या महाराष्ट्राची सुटका एका माणसाच्या वैराग्यावर सोपवता येत नव्हती.

त्यानंतर जवळपास अडीचशे वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी पुन्हा कर्जखते नष्ट झाली. या वेळी ती कुळांनी जाळली. मधल्या काळात काय घडले हे समजून घेतल्याशिवाय हे पुस्तक वाचण्यात अर्थ नाही, म्हणून इथे थोडे थांबतो.

आपल्याकडे गहाणाच्या अनेक तऱ्हा होत्या. शेत सावकाराच्या ताब्यात जाई ते ताबेगहाण. शेत कुळाकडेच राही आणि कागदावर बांधले जाई ते दृष्टबंधक किंवा नजरगहाण. आणि एक होती गहाण-लहाण नावाची. तिच्यात कुळ लिहून देई की अमुक मुदतीत पैसे आले नाहीत तर हेच गहाण खरेदी समजावे. कागद एक, पण मुदत सरली की त्याची जात बदलायची. खाली कुळाची निशाणी असे, बहुतेकदा नांगराची. कारण अक्षर येत नव्हते आणि नांगर येत होता. ज्या हाताने नांगर काढून द्यायचा, त्याच हाताने नांगराची जमीन द्यायची.

१८६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे रामजी विरुद्ध चिंतो हा खटला आला. अशी अट लिहिलेली असली तरी गहाण गहाणच राहते आणि मुदत टळली म्हणून सोडवण्याचा हक्क मरत नाही, असे न्यायालयाने ठरवले. हे तत्त्व इंग्लंडच्या इक्विटी न्यायालयांत घडले होते : एकदा गहाण ते कायम गहाण. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मद्रासकडच्या एका प्रकरणात हे तत्त्व इथल्या कागदांना लावणे नामंजूर केले, तरी मुंबईचे न्यायालय आपल्या निर्णयाला धरून राहिले. मला या हट्टाबद्दल फार आदर आहे. इंग्रजी कायद्याने या देशात जे काही आणले त्यात कुळाच्या बाजूने उभे राहिलेले थोडेच होते, आणि त्यातले हे एक.

पण उच्च न्यायालय मुंबईत होते आणि कुळ पुण्याकडच्या भीमथडीत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यांना तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षे साचू नये. सावकाराने दर तीन वर्षांनी रोखा पालटायला सुरुवात केली : राहिलेले व्याज मुद्दलात मिळवायचे, नवा रोखा लिहायचा, नांगराची निशाणी घ्यायची. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा कर्ज मागेल त्याला मिळे. युद्ध संपले, भाव कोसळला आणि नवे कर्ज मिळेनासे झाले. त्याच सुमारास शेतसाऱ्याची फेरआकारणी आली आणि गावोगावी सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. सारा रोख भरायचा, रोख सावकाराकडे, आणि सावकार आता कोर्टात. बरेचसे हुकूमनामे एकतर्फी झाले. कुळ तारखेला गेलेच नाही, कारण तारीख म्हणजे काय आणि गेल्याने काय होणार हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

सुपे बाजारपेठेचे गाव. त्या दिवशी जमलेल्या लोकांनी सावकारांची घरे आणि दुकाने घेरली, वह्या आणि रोखे मागितले आणि रस्त्यावर जाळले. लोण पुणे जिल्ह्यातून नगरकडे पसरले. काही ठिकाणी घरे पेटवली गेली, लूटही झाली, ते झाकायचे कारण नाही. पण या दंग्यांसाठी नेमलेल्या चौकशी आयोगाला जे पुनःपुन्हा आढळले ते असे की लोकांना कागद हवे होते, आणि जिथे सावकाराने ते मुकाट्याने दिले तिथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. लोकांचा समज कायद्याच्या दृष्टीने कच्चा होता, कारण हुकूमनाम्याची नोंद कोर्टाच्या दप्तरात राहतेच. तरी त्यांनी मर्म ओळखले होते. आपली जमीन माणसाने नेलेली नाही, कागदाने नेली आहे, म्हणून सोडवायची ती कागदातून.

आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कर्जासाठी कुळाला कैदेत टाकणे त्याने थांबवले. रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा हिशेब तपासायला न्यायाधीशाला भाग पाडले. कुळाचे दस्त ग्रामनिबंधकापुढे लिहिले जावेत अशी सोय केली. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो याच वर्षांत, १८८३ मध्ये. आसूड सावकारापुरता नव्हता, कचेरीतल्या कारकुनावर आणि सरकारच्या साऱ्यावरही होता. तो कायद्याशेजारी ठेवून वाचला म्हणजे कायद्याची मर्यादा उघडी पडते.

सावकारांनी कायद्याला उत्तर दिले. गहाणाचा हिशेब कोर्ट उकलते ना, मग गहाण लिहायचेच नाही, थेट खरेदीखत लिहायचे. पैसे आले की जमीन परत देऊ हे तोंडी. या चालीला अडवण्यासाठी पुढे त्या कायद्यात १०-अ हे कलम घातले गेले. कागदावर खरेदी लिहिली असली तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता असे कुळ तोंडी पुराव्याने सांगू शकेल, अशी मुभा त्याने दिली. पुराव्याचा सर्वसाधारण नियम नेमका उलटा आहे : लेखी दस्ताविरुद्ध तोंडी बोलणे चालत नाही. निरक्षर कुळाच्या शब्दाला सावकाराच्या लेखाइतके वजन देणारे हे कलम मला आपल्या कायद्याच्या इतिहासातले फार मोठे कलम वाटते. या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्याच्यावर आहे ते यासाठीच.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यात १८९३ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६० मध्ये गहाण सोडवण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे आणि करारातल्या कोणत्याही अटीने त्याची गळचेपी करता येत नाही असे न्यायालये मानत आली. मात्र १९२९ च्या दुरुस्तीने एक गोची करून ठेवली. परत देण्याची अट त्याच खरेदीखतात नसेल तर तो व्यवहार शर्तीच्या विक्रीचे गहाण धरायचा नाही. म्हणजे वेगळ्या कागदावर लिहिलेले, किंवा पाराखाली चार माणसांदेखत बोललेले, सगळे बाद. मराठी मुलखात ज्याला मुदतखरेदी म्हणतात त्यात अडकलेल्या हजारो कुटुंबांची शेते या एका वाक्याने गेली. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने मागचे दार थोडे उघडले. खरेदीखत प्रत्यक्षात सावकारी कर्जापोटी होते असे चौकशीत दिसले तर जिल्हा निबंधक ते रद्द ठरवून जमीन परत देऊ शकतो. मागची १५ वर्षे त्यासाठी पाहिली जातात. या तरतुदीखाली अर्ज करणाऱ्याला आजही पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच : खरेदीखतावर सही तुमचीच ना? सही त्याचीच असते. प्रश्न सहीचा कधीच नव्हता.

मुदतीचेही तसेच. स्थावर गहाण सोडवायला १९०८ च्या कायद्यात ६० वर्षे होती, १९६३ च्या कायद्याने ती ३० केली. ताबेगहाणाचे काय, यावर वेगवेगळी न्यायालये वेगवेगळे बोलत राहिली. शेवटी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंग राम विरुद्ध शिव राम या निकालात सांगितले की सावकार उत्पन्न खात असेल तर केवळ ३० वर्षे उलटली म्हणून मालकाचा हक्क संपत नाही. याज्ञवल्क्य वाचलेल्याला हा निकाल ओळखीचा वाटेल.

आता माणसांकडे येतो. माणूस ओलीस राहतो हे आपल्या इतिहासात राजघराण्यांनीही भोगले. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या हाती गेले. शाहू १७०७ मध्ये सुटले, येसूबाईंना मात्र १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून आणले तेव्हाच स्वराज्य दिसले. ती सोडवणूक इतिहासात नोंदली गेली. डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत जी माणसे गहाण पडली त्यांची नोंद कुणाकडे नव्हती. लग्नाला दोनशे-चारशे रुपये लागत. ते सावकार-जमीनदार देई आणि नवरा-नवरी दोघे त्याच्या घरी राबायला बांधली जात. त्यांना लग्नगडी म्हणत. मंगल कार्याचे नाव लावलेली ही गुलामगिरी होती. कर्ज फिटले की नाही हे ठरवणारी वही जमीनदाराचीच, आणि तिच्यात कर्ज कधी फिटत नसे. १९४५ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली तिथल्या वारली आदिवासींनी वेठ आणि लग्नगड्याची पद्धत नाकारली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या दिवसांचा वृत्तान्त दिला आहे. तिथे कोणी पैसे भरले नाहीत. माणसे उठून चालू लागली. ‘सोडवणे’ या शब्दाचा इतका स्वच्छ प्रयोग मला दुसरीकडे आढळला नाही : ज्याला बांधले होते त्यानेच सोडवले आणि सोडवले ते स्वतःलाच.

कायद्याने हे मान्य करायला आणखी तीस वर्षे लागली. १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याने वेठीचे कर्ज फेडायला मदत केली नाही, ते कर्जच नाहीसे केले. नाहीशा झालेल्या कर्जापोटी पैसे घेणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. हा फरक किती मोठा आहे ते पाहा. गहाण दागिना सोडवायला मुद्दल द्यावे लागते, आणि ते रास्त आहे. गहाण माणूस सोडवायला काही द्यायचे नाही, कारण तो गहाण ठेवताच येत नव्हता. ठाणे जिल्ह्यात १९८० च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांना मुक्तता प्रमाणपत्रे मिळवून दिली ती याच कायद्यावर. त्या प्रमाणपत्राला काही तहसील कचेऱ्यांत मेहेरबानीचा कागद समजत आणि तसेच वागवत. तो हक्काचा कागद होता.

ऊसतोडीच्या उचलीला काय म्हणायचे? दसरा झाला की बीड, नगर, धाराशिवकडून जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात उचल देतो आणि हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फिटायची असते. एक जण आजारी पडला, बाळंतपण आले, कारखाना लवकर बंद झाला, की उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावे लागते. सरकारी दप्तरात ही वेठबिगारी नाही. माझ्या मते जिथे फिटल्याचा हिशेब एकाच पक्षाच्या वहीत असतो आणि न फिटल्यास माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नाही, तिथे नाव काहीही असो, माणूस गहाण आहे. या संग्रहातल्या दोन लेखकांचे यावर माझ्याशी मतभेद आहेत. त्यांचे लेख पुढे जसेच्या तसे आहेत.

बाईच्या डागांविषयी मात्र कुणाचा मतभेद नसावा असे मला मनापासून वाटते. घरात अडचण आली की पहिला हात तिच्या गळ्याकडे जातो. स्मृतींनी स्त्रीधन बाईचे मानले, पण दुष्काळ, आजार, धर्मकार्य आणि बंदिवास या प्रसंगी नवऱ्याने घेतलेले परत देण्याचे बंधन त्याच्यावर ठेवले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधन संपूर्णपणे तिचेच असल्याचे निःसंदिग्ध सांगितले. तरी सोनेतारणाची पावती बहुतेक घरी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. आणि पावती ज्याच्या नावावर, डाग त्याच्याच हाती मिळतो. डाग बाईचा, अडकवला कुटुंबासाठी, आणि सोडवून आणायला गेली तर काउंटरवर तिला परके ठरवतात. कर्जमाफीच्या घोषणा झाल्या, सातबारे कोरे करायच्या सभा झाल्या, त्यात या सोन्याचा हिशेब फारसा कुणी मांडलेला नाही, कारण ते कर्ज कागदावर शेतीचे नसतेच.

मराठी ख्रिस्ती परंपरेने हा शब्दसमूह वेगळ्या अंगाने घेतला, त्याचीही ओळख पुढे एका छोट्या लेखात होईल. मराठी बायबलमध्ये मुक्तीसाठी खंडणी भरल्याची भाषा येते आणि उद्धाराला तारण म्हणतात. मूळ हिब्रू जगात जवळच्या नातलगाने वतनाची विकलेली जमीन सोडवायची रीत होती आणि पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराकडे परत जाई. म्हणजे तिथेही आधी शेत सुटले, आत्मा नंतर. या सोडवण्यालाच इंग्रजीत ‘रिडीम’ म्हणतात, पण मोबाइलवर ‘पॉइंट रिडीम करा’ म्हणून जो निरोप येतो त्याच्याशी या कशाचाच संबंध उरलेला नाही. तिथे आपले काही अडकलेलेच नसते.

हे पुस्तक अभ्यासकांइतकेच ज्यांचे काही ना काही अडकले आहे त्यांच्यासाठी आहे, म्हणून शेवटी कामाचे सांगतो. गहाण पैसे भरल्याने फिटते, पण कागदावर ते वेगळे सोडवावे लागते. बँकेचा बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कांत चढलेला असतो. कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो, फेरफार मंजूर होतो आणि मग बोजा उतरतो. वीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचे बोजे आजही हजारो उताऱ्यांवर आहेत, आणि भावांच्या वाटणीच्या वेळी किंवा नवे कर्ज मागताना ते आडवे येतात. दस्त नोंदवलेले गहाण असेल तर गहाणमुक्तीचा दस्तही दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावा. घरकर्जाच्या मूळ कागदांबाबत रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून नियम केला आहे. संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कागद परत द्यायचे, आणि उशीर बँकेच्या बाजूने झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. सोनेतारणासाठी २०२५ च्या नियमांनी ही मुदत सात कामकाजाच्या दिवसांवर आणली. मागितल्याशिवाय उशिराची भरपाई क्वचितच मिळते, म्हणून अर्ज लेखी करावा, आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवावी, आणि डाग हातात घेताना वजन तिथेच, काउंटरवरच, पावतीवरच्या वजनाशी ताडून पाहावे.